रेकॉर्ड उतरवून घ्यायच्यात, ट्यूबचा प्रीअँप घेऊ का?

प्रश्न : वडिलांच्या मागे त्यांच्या दीडशेएक एलपी आणि पन्नासेक जुन्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या माझ्याकडे आल्या. बहुतेक शास्त्रीय गायन आणि नाट्यसंगीत, थोडी भावगीतं. त्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्याव्यात म्हणून ऑडिओ-टेक्निकाचा एटी-एलपी१२०एक्सयूएसबी हा टर्नटेबल घेतला आणि त्याच्याच यूएसबी वायरने लॅपटॉपवर रेकॉर्डिंग सुरू केलं. काम होतंय, पण आवाज कोरडा वाटतो. मुलाचा मित्र म्हणतो, ट्यूबचा फोनो प्रीअँप (टर्नटेबलचा आवाज वाढवणारी डबी) लावा, जुन्या रेडिओसारखा गोडवा येईल. ऑनलाइन पाच-सात हजारांपासून मिळतात, दिसतातही सुंदर. माझी तयारी वीस हजारांपर्यंत आहे. कोणता घेऊ? (एक वाचक भगिनी, सांगली)

उत्तर : ताई, या कामासाठी वीस हजारांत ट्यूबचा, म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा, प्रीअँप घेऊ नका. तेवढ्या पैशांत चिपवर चालणारा साधा पण नेटका फोनो प्रीअँप, ७८साठी वेगळी पिन आणि एक बरा ऑडिओ इंटरफेस (आवाज कॉम्प्युटरपर्यंत नेणारं यंत्र) घ्या. व्हॉल्व्हचा आवाज मला मनापासून आवडतो, तरीही सांगतो आहे. ऐकताना ट्यूब लावली आणि उद्या कंटाळा आला तर काढून ठेवता येते. रेकॉर्ड उतरवताना लावली तर तिची चव फाइलमध्ये कायमची मुरते, आणि मग ती कुठल्याही सॉफ्टवेअरने वेगळी काढता येत नाही. तुमच्या नातवंडांनी वडिलांची रेकॉर्ड ऐकावी, की २०२०च्या दशकातल्या एका स्वस्त डबीतून गेलेली रेकॉर्ड ऐकावी, असा हा प्रश्न आहे.

फोनो प्रीअँप दोन कामं करतो. कार्ट्रिजमधून, म्हणजे पिन ज्यात बसते त्या भागातून, येणारा सिग्नल अगदी क्षीण असतो. तुमच्या टर्नटेबलसोबत आलेलं व्हीएम९५ई हे कार्ट्रिज साधारण ४ मिलिव्होल्ट देतं. ते सुमारे शंभरपट, म्हणजे ४० डेसिबलच्या आसपास, वाढवावं लागतं. हे सोपं काम. दुसरं नाजूक आहे. एलपी कापताना खर्ज (खालचे आवाज) मुद्दाम दाबलेला असतो आणि तार (वरचे आवाज) उंचावलेला असतो, कारण तसं केलं नाही तर खर्जाच्या लाटांनी खाच फार रुंद होईल आणि बारीक स्वर तबकडीच्या खरखरीत बुडतील. वाजवताना याच्या नेमकं उलट करायचं. १९५४पासून त्यासाठी आरआयएए नावाचा एक ठरलेला आलेख वापरतात. त्यात २० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल वाढ आणि २० किलोहर्ट्झला जवळपास तेवढीच घट असते. दोन टोकांत एवढं अंतर म्हटल्यावर मधे कुठेतरी दीड-दोन डेसिबलची चूक सहज राहून जाते, आणि ती दोन-तीन सप्तकांवर पसरली की गाणाऱ्याच्या गळ्याचा पोत बदलतो. लोक ज्याला ‘ट्यूबचा गोडवा’ म्हणतात, त्यातला बराचसा भाग स्वस्त यंत्रांत या चुकलेल्या आलेखातून येतो. तार थोडा खाली, मधला खर्ज थोडा वर, की झाला गोड! नीट बांधलेल्या ट्यूब प्रीअँपमध्ये विकृती, म्हणजे मूळ आवाजात होणारा बिघाड, खरं तर फार कमी असते आणि तो ऐकायला चांगल्या चिपवाल्याच्या बराच जवळ जातो.

आता त्या सुंदर दिसणाऱ्या डब्या. १२ व्होल्टचा अडॅप्टर, वर दोन बुटक्या सात पिनांच्या ट्यूब, आतून केशरी किंवा निळा उजेड. त्या बहुधा ६जे१ किंवा ५६५४ जातीच्या असतात. अशा ट्यूबला मोकळेपणाने काम करायला शंभराच्या वर व्होल्ट लागतात. काही कंपन्या आत व्होल्टेज वाढवणारं सर्किट घालतात, बऱ्याच घालत नाहीत, आणि मग ती ट्यूब उपाशीपोटी राबते. पुष्कळदा आरआयएएचं आणि आवाज वाढवण्याचं खरं काम खालची आठ पायांची चिप करते, ट्यूब फक्त सिग्नलच्या वाटेत उभी केलेली असते. उजेडाचंही तसंच. ट्यूबचा फिलामेंट मंद, तांबूस तापतो. सॉकेटच्या मधोमध खालून भगभगीत प्रकाश येत असेल तर तिथे एलईडी बसवलेला आहे. वाईट एवढंच वाटतं की ग्राहक चिपचा आवाज ट्यूबच्या भावाने घेतो आणि वर ट्यूबची घरघर फुकटात मिळवतो.

या घरघरीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण तुमच्या संग्रहाशी तिचा थेट संबंध आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. स्वस्त पॉवर सप्लायमधून झिरपणारी ‘हम’ ५० आणि १०० हर्ट्झवर असते. सिनेसंगीतात किंवा पॉपमध्ये ती ढोलाखाली लपते. ख्यालात तसं होत नाही. काळी एकमध्ये (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी) गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज साधारण १३८.६ हर्ट्झ. तानपुऱ्याची पहिली तार मंद्र पंचमाला लावलेली असेल तर ती येते १०४ हर्ट्झच्या आसपास. शेजारी १०० हर्ट्झची हम सतत चालू राहिली, तर ती काय होते? उतरलेला पंचम! श्रुतीच्या हिशेबाने बऱ्यापैकी उतरलेला. आलापातल्या प्रत्येक विरामात तो बेसूर पंचम कानाला टोचतो, आणि गाणारा विनाकारण बदनाम होतो. नंतर सॉफ्टवेअरमध्ये १०० हर्ट्झ कापायला जावं तर लगतच्या खऱ्या पंचमालाही कात्री लागते. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजणारा नाद, हा तर सगळा वरच्या स्वरांशांचाच खेळ आहे. उपाशी ट्यूब स्वतःचे जादा स्वरांश त्यात मिसळते तेव्हा जवारी जाड आणि बोथट होते. हे ओळखायला महागडे स्पीकर लागत नाहीत, बरे हेडफोन पुरतात.

दोन तांत्रिक अडचणी आणखी आहेत, ज्या जाहिरातीत कधी लिहीत नाहीत. तुमच्या कार्ट्रिजला ४७ किलोओहमचा भार आणि एकूण १०० ते २०० पिकोफॅरड कपॅसिटन्स हवा असतो. टोनआर्मच्या (पिन धरणाऱ्या दांड्याच्या) आतल्या तारा आणि बाहेरची केबल मिळूनच त्यातला बराचसा खर्च होतो. १२एएक्स७ ही ट्यूब, युरोपी नाव ईसीसी८३, साठेक पट वाढ देत असेल तर तिच्या आतल्या रचनेमुळे प्रवेशालाच शंभरेक पिकोफॅरडची भर पडते. बेरीज मर्यादेपलीकडे गेली की तार सप्तकाच्या वर एक उंचवटा येतो, ‘स’ आणि ‘श’ सुरीसारखे लागतात. म्हणजे गोडव्यासाठी घेतलेली ट्यूब कर्कश वाजू शकते.

दुसरी अडचण बाहेर पडण्याच्या टोकाला आहे. साध्या ट्यूब प्रीअँपमध्ये शेवटी सिग्नल सोडणारा कपॅसिटर असतो आणि पुढचं यंत्र हलका भार, म्हणजे जास्त रोध, देईल असं तो गृहीत धरतो. जुन्या अँप्लिफायरला ते जमायचं. आजच्या एखाद्या इंटरफेसचा लाइन इनपुट मात्र १० किलोओहमचा असू शकतो. कपॅसिटर ०.४७ मायक्रोफॅरडचा असेल तर अशा जोडणीत सुमारे ३४ हर्ट्झपासूनच खर्ज गळायला लागतो. शिवाय शेवटी कॅथोड फॉलोअर, म्हणजे असा जड भार पेलणारा टप्पा, नसेल तर आवाजही पडतो. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात तर काहीच जोडू नका, ते मोनो असतं आणि त्यात माइकसाठीचं व्होल्टेजही असतं.

एवढं वाचूनही ट्यूबच घ्यायची असेल, तर मी अडवणार नाही, पण मग खरी घ्या. खरी म्हणजे प्लेटवर (ट्यूबच्या आतल्या पत्र्यावर) दोनशेच्या आसपास व्होल्ट मिळणारी, ईसीसी८३वर बांधलेली. आरआयएएची अचूकता किती डेसिबलच्या आत आहे, हे कंपनीने छापलेलं असलं पाहिजे. अर्ध्या डेसिबलच्या आत असेल तर निर्धास्त घ्या, आकडाच दिला नसेल तर सोडून द्या. युरोपातल्या प्रो-जेक्टचा ट्यूब बॉक्स एस२ हे या वाटेवरचं मला पटणारं पहिलं स्टेशन. दोन ईसीसी८३, गेन आणि कार्ट्रिजचा भार बाहेरून बदलण्याची सोय. तो तुमच्या वीस हजारांत बसत नाही, सेकंडहँड मिळाला तरी ओढाताणच होईल. चीनच्या याकिनचा एमएस-१२बी १२एएक्स७ आणि १२एयू७वर चालतो, तुलनेने स्वस्त असतो, पण घरच्या विजेवर थेट चालणारं यंत्र असल्याने २२०-२४० व्होल्टचंच मॉडेल आहे ना, हे आधी बघा. अमेरिकेतून कुणी नातेवाईक ११० व्होल्टचं यंत्र आणून देत असेल तर प्रेमाने नाही म्हणा. आणि कुठल्याही खऱ्या ट्यूब प्रीअँपचं झाकण घरी उघडू नका. वीज काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये दोन-तीनशे व्होल्ट दबा धरून असतात.

ट्यूब बदलून आवाज ‘सुधारण्याचा’ सल्लाही तुम्हाला कुणीतरी देईलच. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एके काळी आपल्याकडे व्हॉल्व्ह बनवले. ते जुने खोकेबंद नग मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास विचारलं तर अजून क्वचित दिसतात. बघून हात शिवशिवतात हे खरं. पण फोनोला लागणारी ट्यूब कमी खरखरीची आणि थरथर न पकडणारी अशी निवडूनच घ्यावी लागते, नुसती ‘नवी-जुनी’ असून भागत नाही. ईसीसी८३च्या जागी ईसीसी८२ (१२एयू७चंच युरोपी नाव) सॉकेटमध्ये अगदी बरोब्बर बसते, पण ट्यूबची आवाज वाढवण्याची कमाल क्षमता शंभरपटीवरून विसाच्या आसपास येते. आरआयएएच्या जाळ्यात ट्यूबचा स्वतःचा रोधही धरलेला असतो, त्यामुळे आलेखही बिघडतो. ट्यूब झिजते तशी वाढ कमी होत जाते, तीही दोन्ही बाजूंना सारखी होईलच असं नाही. दीडशे एलपी उतरवायला महिनोन्महिने जाणार. पहिल्या आणि शेवटच्या रेकॉर्डचा आवाज एकाच मापाचा राहावा, ही अपेक्षा ट्यूबकडून जरा जास्तच होते.

कुठलाही प्रीअँप आणला, तरी परत करण्याची मुदत संपायच्या आत घरच्या घरी तपासून घ्या. वीस-तीस मिनिटं तापू द्या. टोनआर्म स्टँडवरच ठेवून, नेहमीच्या लेव्हलवर मिनिटभर शांतता रेकॉर्ड करा. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी पुरतं, त्यातल्या ‘प्लॉट स्पेक्ट्रम’मध्ये ५०, १०० आणि १५० हर्ट्झचे सुळके दिसतात. चांगल्या एलपीची स्वतःची खरखर गाण्यापेक्षा ६०-७० डेसिबल खाली असते, हमचे सुळके त्याहून खाली असले पाहिजेत. मग ट्यूबच्या शेजारी डबीवर बोटाने हळूच टिचकी मारा. ‘टंग्’ असा घंटेसारखा आवाज फाइलमध्ये आला तर ती ट्यूब टर्नटेबलची थरथर आणि तुमच्या चालण्याचा आवाजही पकडणार.

तिसरी परीक्षा माझ्या विशेष आवडीची आहे, आणि तुमच्याकडे तिचं साहित्य नक्की असेल. जुनी एखादी मोनो एलपी लावा. मोनो रेकॉर्डमध्ये डावीकडे-उजवीकडे एकच सिग्नल कोरलेला असतो. मिनिटभर रेकॉर्ड करून ऑडॅसिटीत दोन्ही ट्रॅक वेगळे करा, एक ‘इन्व्हर्ट’ने उलटा करा, आणि दोन्ही मिसळा. सगळं जुळलेलं असेल तर गाणं जवळजवळ नाहीसं होतं आणि मागे नुसती खरखर, चटचट उरते. गाणं अजून ठळक ऐकू येत असेल तर दोन्ही बाजूंच्या वाढीत फरक आहे. उरलेल्या गाण्यात फक्त ‘स’, ‘त’ आणि झांजेसारखे वरचे आवाज असतील तर कार्ट्रिज तिरपं बसलंय किंवा दोन बाजूंचा आलेख वेगळा आहे. दोष कुणाचा, ते शोधायला टर्नटेबलकडून येणारी लाल-पांढरी वायर अदलाबदल करून परत रेकॉर्ड करा. जास्त भरणारी बाजू बदलली तर दोष कार्ट्रिजकडे, तीच राहिली तर प्रीअँपकडे किंवा त्याच्या पुढे.

आता तुमच्या मूळ तक्रारीकडे, कोरडेपणाकडे येतो. तो तुमच्या यूएसबीमुळे आला असेल असं मला वाटत नाही. त्या टर्नटेबलचं यूएसबी १६ बिटांत रेकॉर्ड करतं, आणि एलपीच्या आवाक्यापेक्षा ते जास्तच आहे. आधी एवढं करा : टर्नटेबल थेट अँप्लिफायरला जोडून ऐका, मग तीच रेकॉर्ड उतरवलेल्या फाइलवरून, त्याच अँप्लिफायर-स्पीकरवर ऐका. सारखंच वाटलं तर रेकॉर्डिंग निर्दोष आहे, तुम्ही बहुधा लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकत होता. पिनेचा भार २ ग्रॅम आहे का, ते बघा. रेकॉर्डिंगची लेव्हल लाल रेघेला टेकत असेल तर आवाज कोरडा आणि चिरका होणारच, सगळ्यात मोठा आवाजही उणे ६ डेसिबलच्या खाली ठेवा.

आणि ७८च्या तबकड्या तुम्ही सोबत आलेल्या पिनेनेच वाजवत असाल, तर कृपा करून आजच थांबवा. एलपीची पिन ७८च्या रुंद खाचेच्या तळाशी जाऊन पडते, सगळी धूळ आणि झीज तीच वाचते. ७८ला सुमारे तीन मिलची, म्हणजे ७५ मायक्रॉनच्या आसपासची पिन लागते. व्हीएम९५च्या त्याच बॉडीवर एसपी नावाची ७८ची पिन बसते, भार सुमारे ५ ग्रॅम. नुसती पिन ओढून बदलायची आणि भार बदलायचा. या एका खरेदीने जो फरक ऐकू येईल तो कुठल्याही ट्यूबने येणार नाही. तबकड्या लाखेच्या असतात, त्यामुळे पुसताना स्पिरिट किंवा आयसोप्रोपाइल अल्कोहोल अजिबात वापरू नका. लाख त्यात विरघळते. डिस्टिल्ड वॉटर, थेंबभर सौम्य साबण, मऊ ब्रश, आणि लेबल कोरडं ठेवायचं.

७८चा कोरडेपणा मात्र खरा असू शकतो, आणि त्याचं कारण पुन्हा आलेखच. या तबकड्या बहुतेक आरआयएएच्या आधीच्या. १९२५पूर्वीच्या तर भोंग्यासमोर गाऊन कापलेल्या. आरआयएए लावला की १० किलोहर्ट्झला जवळपास १४ डेसिबल कापले जातात, जे मुळात कुणी वाढवलेलेच नव्हते. म्हणून आवाज घोंगडीत गुंडाळल्यासारखा येतो. यावर उपाय सॉफ्टवेअरमध्ये आहे : आधी आरआयएए उलटा लावून पुसून टाकायचा, मग त्या काळचा आलेख लावायचा. एचएमव्हीच्या विद्युत पद्धतीच्या बऱ्याच ७८ना २५० हर्ट्झच्या खाली वाढ आणि वर सरळ, इथून सुरुवात करा, पुढचं कानाने ठरवा. डावी-उजवी बाजू एकत्र करून मोनो केली की खरखर लगेच कमी होते. पण उलटा आलेख बरोबर लागायचा तर मुळात लावलेला आरआयएए अचूक असावा लागतो. वडिलांच्या ७८साठी चिपवाल्या प्रीअँपचा आग्रह मी धरतो आहे तो मुख्यतः यासाठी.

म्हणून खरेदीचा क्रम असा ठेवा. पहिल्यांदा ७८ची पिन आणि कार्बन फायबरचा ब्रश. टर्नटेबलच्या आतल्या प्रीअँपवरच चार-दोन रेकॉर्ड नीट उतरवून बघा, समाधान झालं तर पुढचे पैसे वाचले. नाहीच झालं तर एआरटी कंपनीचा डीजे प्री टू शोधा. त्यात १०० आणि २०० पिकोफॅरडचा खटका, गेनची घुंडी आणि खालची घरघर कापणारा फिल्टर आहे. तुमच्या कार्ट्रिजला १०० चालेल. फिल्टर एलपीला चालू ठेवलात तरी चालेल, पण मी तो बंद ठेवून ते काम नंतर सॉफ्टवेअरमध्ये करतो, मूळ फाइल अस्पर्श राहते. सोबत लाइन इनपुट असलेला कुठलाही नावाजलेल्या कंपनीचा दोन चॅनलचा इंटरफेस घ्या. टर्नटेबलमागचा खटका ‘फोनो’वर न्यायला विसरू नका, नाहीतर आरआयएए दोनदा लागेल. अर्थची बारीक वायर प्रीअँपच्या स्क्रूला घट्ट बसवा. एवढं करूनही हम आली तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा, बहुतेक वेळा तिथेच मिटतं.

ट्यूबचं मन मागे राहिलं असेल तर पुढच्या दिवाळीला ट्यूबचा साधा लाइन बफर (ऐकताना मधे लावायची ट्यूबची डबी) किंवा हेडफोन अँप्लिफायर घ्या आणि या स्वच्छ फाइल त्यातून ऐका. तिथे स्वस्तातला घेतलात तरी कुणाचं नुकसान नाही.

रेकॉर्ड २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर उतरवा. चाळीस मिनिटांच्या एलपीला साधारण १.४ जीबी जागा लागते, दीडशे एलपींना दोनशे जीबीच्या आसपास. फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता फाइल लहान करणारा प्रकार) साठवलंत तर बरीच कमी. चटचट काढण्याचे, आवाज सुधारण्याचे प्रयोग नेहमी प्रतीवर करा. मूळ फाइलच्या नावात लेबलवरचा रेकॉर्ड नंबर आणि बाजू लिहा, लेबलचा आणि कव्हरच्या दोन्ही बाजूंचा फोटो त्याच फोल्डरमध्ये टाका. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर प्रती ठेवा आणि त्यातली एक दुसऱ्या घरात असू द्या. सांगलीत पूर आला की तळमजल्यावरचं काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.